थंडरबर्ड सुरू करताना: आपले मेल कुठे राहणार, हे आधी ठरवा

ब्राउझरमध्ये मेल वाचण्याची सवय असलेल्या माणसाला संगणकावर वेगळा ईमेल प्रोग्रॅम कशासाठी घ्यायचा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ज्याचे एकच खाते आहे आणि ज्याला दिवसाला चार-पाचच मेल येतात, त्याचे ब्राउझरवर काहीही अडत नाही. परंतु खासगी एक, कार्यालयाचे एक आणि एखाद्या संस्थेचे एक अशी तीन खाती सांभाळणाऱ्याला, जुना पत्रव्यवहार वरचेवर शोधावा लागणाऱ्याला, किंवा इंटरनेट नसतानाही मेल वाचून उत्तरे लिहून ठेवायची असणाऱ्याला असा प्रोग्रॅम फार उपयोगी पडतो. या लेखात मी मोझिलाचा थंडरबर्ड डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली; तो विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर चालतो. दुसरा एखादा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही यातील बऱ्याच गोष्टी लागू पडतील, कारण बटणांची नावे बदलली तरी मेल पोचवण्याची मूळ यंत्रणा सगळीकडे एकच आहे.

प्रोग्रॅम उतरवून घेण्याआधी एका गोष्टीचा निर्णय मनाशी पक्का करावा, असा माझा आग्रह आहे: आपले मेल सर्व्हरवर, म्हणजे मेलची सेवा देणाऱ्याच्या संगणकावर, राहणार की आपल्या संगणकावर? पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

आयमॅप की पॉप

आपल्या नावाने आलेला मेल आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर पोचतो. तेथून तो आपल्या प्रोग्रॅममध्ये आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही जुनी पद्धत १९८४ मध्ये पहिल्यांदा लिहिली गेली. माणूस एकाच संगणकावरून मेल पाहतो, अधूनमधून जोडणी करतो, आलेले मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची जागा मोकळी करतो, अशी तिच्यामागची कल्पना आहे. आयमॅप ही दुसरी पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिच्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतात आणि आपल्या संगणकावर त्यांची नक्कल असते. आपण संगणकावर एखादा मेल वाचला की तो फोनवरही वाचलेला दिसतो, आणि फोनवर पुसला की संगणकावरूनही जातो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतःचे खाते पॉप पद्धतीने जोडले होते आणि मेल सर्व्हरवर ठेवण्याच्या पर्यायाकडे लक्षच दिले नव्हते. चार वर्षे सगळे सुरळीत चालले. मग एके दिवशी संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. मेल सर्व्हरवर असतीलच अशा भरवशावर मी ब्राउझरमध्ये खाते उघडले, तर इनबॉक्समध्ये फक्त त्या सकाळपासून आलेले मेल होते. बाकीचे सगळे मी स्वतःच रोज सकाळी सर्व्हरवरून उचलून त्या एका डिस्कवर आणून ठेवत होतो. ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, त्यांच्यापैकी दोघांनी जपून ठेवलेले मेल मला परत पाठवले. उरलेले कायमचे गेले. त्यामुळे या एका निवडीबद्दल मी इतके तपशिलाने लिहीत आहे.

फोन आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्यांनी आयमॅपच निवडावा. पॉपला आजही जागा आहे. सर्व्हरवर मिळणारी जागा अगदी तुटपुंजी असेल आणि मेल एकाच संगणकावरून पाहायचे असतील, तर तो योग्य ठरतो. मात्र तो निवडलाच तर खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' या पर्यायापुढे खूण आहे का, आणि त्याखाली किती दिवसांची मर्यादा घातलेली आहे, हे आवर्जून पाहावे. तेथे १४ दिवस असा आकडा दिसला, तर पंधराव्या दिवसापासून त्या मेलची एकमेव प्रत आपल्या संगणकावर असेल, हे लक्षात घ्यावे.

खाते जोडणे

थंडरबर्ड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, म्हणजे थंडरबर्ड डॉट नेटवरून, उतरवून घ्यावा. इतर ठिकाणी मिळणाऱ्या प्रतींमध्ये काय घुसडलेले असेल याची खात्री देता येत नाही, आणि या प्रोग्रॅमच्या हाती आपण सगळा पत्रव्यवहार सोपवणार आहोत. बसवण्याची प्रक्रिया नेहमीसारखीच आहे.

प्रथम उघडल्यावर प्रोग्रॅम आपले नाव आणि ईमेल पत्ता विचारतो. नावाच्या रकान्यात जे लिहाल तेच समोरच्याच्या इनबॉक्समध्ये दिसणार असल्यामुळे घाईत केवळ आद्याक्षरे किंवा टोपणनाव टाकू नये. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये 'अ‍ॅट'चे चिन्ह घातले, तेव्हापासून ईमेल पत्त्याचे दोन भाग आहेत. त्या चिन्हानंतरचा भाग पाहून थंडरबर्ड मोझिलाने तयार ठेवलेल्या यादीत आणि खुद्द सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर त्या खात्याच्या सेटिंग्ज शोधतो. मोठ्या सेवांच्या बाबतीत त्या काही क्षणांत सापडतात आणि आयमॅप व पॉप यांपैकी निवड करण्याची सोय पडद्यावर दिसते. निर्णय आधीच झालेला असल्यामुळे येथे थांबून विचार करावा लागत नाही.

बरेच जण पुढच्या पायरीवर गोंधळतात. जीमेलचे खाते जोडताना गूगलची एक वेगळी खिडकी उघडते आणि पासवर्ड त्या खिडकीत मागितला जातो. ही फसवणूक नाही. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. तिच्यात आपला पासवर्ड थंडरबर्डला मिळतच नाही. गूगल त्याला प्रवेशाचे एक वेगळे परवानगीपत्र देते आणि ते आपण गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन केव्हाही रद्द करू शकतो. नुसता पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून खाते उघडण्याची सोय गूगलने खासगी खात्यांसाठी मे २०२२ च्या अखेरीस बंद केली आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या खासगी आउटलुक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. पासवर्ड अचूक असूनही 'लॉगिन फेल्ड' असा संदेश येत असेल, तर पासवर्ड पुनःपुन्हा टाकत बसण्याऐवजी सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' या रकान्यात 'ओऑथ२' निवडलेले आहे का, ते आधी पाहावे. जुन्या संगणकावरून आणलेल्या खात्यांत या रकान्यात हमखास जुनाच पर्याय राहून गेलेला असतो. काही सेवा ओऑथऐवजी 'अ‍ॅप पासवर्ड' देतात. तो त्या सेवेच्या सुरक्षा पानावर तयार करावा लागतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी वापरावा लागतो. जीमेलचा असा पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केल्याशिवाय तो मिळत नाही.

सेटिंग्ज आपोआप सापडल्या नाहीत, तर त्या स्वतः भराव्या लागतात. लहान संस्थांच्या स्वतःच्या पत्त्यांच्या बाबतीत असे होते. अशा वेळी अंदाजाने आकडे टाकू नयेत. संस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, पोर्टचे (म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दारातून जोडणी करायची त्याचे) क्रमांक आणि वापरकर्त्याचे नाव लिहून घ्यावे. साधारणपणे आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट असतात. ९९३, ९९५ आणि ४६५ या पोर्टवर पहिल्या क्षणापासून सगळे कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात, असते, तेव्हा तेथे 'एसएसएल/टीएलएस' निवडावे. ५८७ वर बोलणे साध्या रूपात सुरू होऊन लगेच कूटबद्ध केले जाते, म्हणून तेथे 'स्टार्टटीएलएस' निवडावे. या जोड्या चुकल्या की प्रोग्रॅम बराच वेळ नुसता वाट पाहत राहतो आणि शेवटी जोडणी झाली नाही असे सांगतो. वापरकर्त्याचे नाव म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ताच द्यावा लागतो. सर्व्हरच्या प्रमाणपत्राबद्दल इशारा आला आणि 'अपवाद मान्य करा' अशा अर्थाचे बटण दिसले, तर कारण समजून घेतल्याशिवाय ते दाबू नये; आपण ज्या सर्व्हरशी बोलत आहोत तो खरोखर तोच आहे याची खात्री पटलेली नाही, असे तो इशारा सांगत असतो.

मेल येणे आणि मेल जाणे या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, हे येथे समजून घेतले तर पुढचा बराच त्रास वाचतो. आणण्याचे काम आयमॅप किंवा पॉप करतो, पाठवण्याचे काम एसएमटीपी करतो आणि दोघांचे सर्व्हर, पोर्ट व पासवर्ड वेगवेगळे नोंदवलेले असतात. मेल व्यवस्थित येत आहेत पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर दोष 'आउटगोइंग सर्व्हर'च्या नोंदीत शोधावा. खाते जोडून झाल्यावर स्वतःलाच एक मेल पाठवावा, तो आला का पाहावे आणि नंतर ब्राउझरमध्ये तेच खाते उघडून 'सेंट' फोल्डरमध्ये तो दिसतो का, तेही पाहावे. एवढी चाचणी झाली की दोन्ही बाजू नीट जोडल्या गेल्याची खात्री होते.

पहिले काही तास

जुने खाते मोठे असेल, तर सगळे मेल उतरायला बराच वेळ लागतो. यादी आधी दिसू लागते आणि मजकूर मागाहून सावकाश येतो. या काळात एखादा मेल शोधून सापडला नाही, तर तो हरवला असे समजू नये. संगणकावर जागा कमी असल्यास 'अकाउंट सेटिंग्ज'मधील 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' या पानावर केवळ अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवण्याची मर्यादा घालता येते. जुने मेल सर्व्हरवर राहतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. जीमेल वापरणाऱ्यांना एकच मेल दोन-तीन फोल्डरमध्ये दिसतो, कारण जीमेलमधील प्रत्येक लेबल येथे फोल्डर म्हणून येते आणि 'ऑल मेल' या फोल्डरमध्ये तर जवळजवळ सगळेच पुन्हा येते. नको असलेली लेबले जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आयमॅपमध्ये न दिसतील अशी करता येतात. थंडरबर्डमध्ये ती दुसरी प्रत दिसली म्हणून पुसायला जाऊ नये. ती बहुधा त्याच मेलची दुसरी बाजू असते.

खिडकीची रचना समजायला फार वेळ लागत नाही: डावीकडे खाती आणि फोल्डर, मध्ये मेलची यादी, तिच्या शेजारी किंवा खाली उघडलेला मेल. वरची मेनूची पट्टी दिसत नसेल तर विंडोजवर ऑल्ट ही कळ दाबावी. देवनागरी मजकूर बारीक किंवा वेडावाकडा दिसत असेल, तर सेटिंग्जमधील फॉण्टच्या प्रगत पर्यायांमध्ये 'देवनागरी' ही लिपी निवडून तिच्यासाठी वेगळा फॉण्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. हे एकदा करून ठेवल्याने रोजचे वाचन पुष्कळ सुखाचे होते.

लिहिणे आणि पाठवणे

नवा मेल कंट्रोल आणि एन या कळांनी उघडतो, आलेल्या मेलला उत्तर कंट्रोल आणि आर या कळांनी देता येते, आणि कंट्रोल व एंटर दाबल्यावर मेल जातो. एकापेक्षा अधिक खाती असतील, तर सगळ्यात वरच्या 'फ्रॉम' या ओळीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. कार्यालयाचे पत्र खासगी पत्त्यावरून गेले, की उत्तरेही तिकडेच येत राहतात. 'टू'मध्ये ज्याच्याकडून कृतीची अपेक्षा आहे त्याचा पत्ता घालावा आणि 'सीसी'मध्ये ज्याला केवळ माहिती असावी त्याचा. 'बीसीसी'मधील पत्ते इतर कोणालाही दिसत नाहीत. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीस माणसांना एकच सूचना पाठवायची असेल, तर सगळे पत्ते 'बीसीसी'मध्येच हवेत, कारण इतरांचा पत्ता त्यांना न विचारता वाटून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'रिप्लाय' आणि 'रिप्लाय ऑल' यांमधील फरकही पाठवण्याआधी प्रत्येक वेळी तपासावा. माझी स्वतःची पद्धत अशी आहे की महत्त्वाच्या मेलमध्ये मजकूर आणि अटॅचमेंट पूर्ण झाल्यानंतरच मी पत्ता लिहितो. त्यामुळे अर्धवट मेल चुकून जाण्याची शक्यताच उरत नाही.

'सोबत फाइल जोडली आहे' असे लिहायचे आणि फाइल जोडायचीच राहायची, ही चूक सर्वांच्या हातून होते. थंडरबर्डमध्ये तिच्यावर एक चांगला उपाय आहे, पण मराठीत लिहिणाऱ्यांना तो आयता मिळत नाही. मजकुरात ठरावीक शब्द आढळले आणि अटॅचमेंट नसले, तर प्रोग्रॅम पाठवण्याआधी आठवण करून देतो. इंग्रजी आवृत्तीत हे शब्द इंग्रजी असतात. सेटिंग्जमध्ये 'कम्पोझिशन' या विभागात अटॅचमेंटविषयीचा पर्याय आहे. त्याच्या शेजारचे 'कीवर्ड्स' हे बटण दाबले, की शब्दांची यादी उघडते आणि तिच्यात आपले शब्द भरता येतात. मी तेथे 'सोबत', 'जोडला', 'जोडली', 'जोडले', 'जोडत', 'जोडलेला', 'जोडलेली', 'जोडलेले' आणि 'अटॅचमेंट' हे शब्द वेगवेगळे घातले आहेत, कारण मराठीत एकाच क्रियापदाची रूपे लिंग-वचनाप्रमाणे बदलतात आणि एक रूप दिल्याने दुसरे ओळखले जाईलच असे नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे. खाते जोडल्यानंतर लगेच करण्यासारखी एकच सेटिंग कोणी मला विचारली, तर मी हीच सांगेन.

फाइलच्या आकाराबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी. मेलची यंत्रणा मुळात अक्षरे वाहून नेण्यासाठी घडवलेली आहे, म्हणून छायाचित्र किंवा पीडीएफ पाठवताना त्यातील प्रत्येक तीन बाइटचे चार अक्षरांत रूपांतर करावे लागते. साहजिकच २० एमबीची फाइल वाटेत सुमारे २७ एमबीची होते. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे आणि अनेक संस्थांच्या सर्व्हरची याहून कमी असते. एखादा सर्व्हर रूपांतरानंतरचा आकार मोजत असेल, तर मर्यादेच्या आत दिसणारी फाइलही परत येते. मोठ्या फाइलसाठी साठवणुकीच्या सेवेचा दुवा पाठवणेच बरे.

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. ज्यांना पाठवल्यानंतर दोन मिनिटांनी चूक आठवते, त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबून 'सेंड लेटर' वापरावे. मेल 'आउटबॉक्स'मध्ये थांबतो आणि आपण सांगू तेव्हाच जातो. इंटरनेट नसताना लिहिलेली उत्तरेही याच फोल्डरमध्ये जमा होतात.

आवराआवर

फोल्डरांचे जंगल वाढवू नये, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. विषयवार चाळीस फोल्डर केले, की प्रत्येक मेल कुठे टाकायचा हा विचार करण्यातच वेळ जातो आणि पुढे तो शोधतानाही तोच प्रश्न पडतो. इनबॉक्समध्ये केवळ अजून काही करायचे बाकी असलेले मेल ठेवावेत आणि काम संपलेला मेल निवडून 'ए' ही एकच कळ दाबावी. तो वर्षानुसार 'अर्काइव्ह'मध्ये जाऊन बसतो. शोध कंट्रोल आणि के या कळांनी सुरू होतो आणि तो सगळ्या खात्यांमध्ये एकदम चालतो. १ ते ५ या अंकांच्या कळांनी मेलला रंगीत खुणा लावता येतात व ० ने त्या काढता येतात.

नियमित येणारी वार्तापत्रे किंवा बँकेच्या सूचना वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप जाव्यात असे वाटत असेल, तर 'टूल्स' मेनूमधील 'मेसेज फिल्टर्स' वापरावेत. येथे पुन्हा तोच प्रश्न येतो की कोणती गोष्ट कुठे राहते. थंडरबर्डचे फिल्टर आपल्या संगणकावर असतात आणि थंडरबर्ड उघडा असतानाच काम करतात. संगणक बंद असेल तर फोनवर सगळे मेल इनबॉक्समध्येच पडलेले दिसतील. चोवीस तास काम करणारे नियम हवे असतील, तर ते सेवा देणाऱ्याच्या ब्राउझरमधील पानावर तयार करावे लागतात. मेलच्या शेवटी येणारी स्वाक्षरी आणि पत्त्यांची वहीसुद्धा वेगळी जोडणी केलेली नसल्यास केवळ त्या एका संगणकावरच असते, मग आपण आयमॅप निवडलेला असला तरी.

नको असलेल्या जाहिराती ओळखणारा थंडरबर्डचा फिल्टर शिकवल्याशिवाय हुशार होत नाही. तो शब्दांच्या वारंवारतेवरून अंदाज बांधतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे जाहिरात दिसली की 'जे' दाबून तिच्यावर खूण करावी आणि चांगला मेल 'जंक'मध्ये गेलेला दिसला, तर तो जंक नाही असेही आवर्जून सांगावे. दुसरी बाजू शिकवायची राहिली, तर त्याचा अंदाज एकांगी होतो.

काही मेल उघडल्यावर वरच्या बाजूला एक पट्टी दिसते आणि बाहेरची चित्रे रोखून धरल्याचे तीत सांगितलेले असते. हा प्रोग्रॅमचा दोष नाही, आपले संरक्षण आहे. अनेक जाहिरातदार मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र घालतात आणि ते चित्र त्यांच्या सर्व्हरवर ठेवतात. आपण मेल उघडला आणि चित्र मागवले गेले, की हा पत्ता चालू आहे, मेल अमुक वाजता आणि अमुक जोडणीवरून उघडला गेला, ही माहिती त्यांना मिळते. ओळखीच्या माणसाने पाठवलेली चित्रे पाहायची असतील तेव्हाच परवानगी द्यावी, आणि तीही शक्यतो त्या एका मेलपुरतीच. दुव्यांच्या बाबतीतही घाई करू नये. दुव्यावर माउसचा बाण नुसता आणला, की खिडकीच्या तळाशी खरा पत्ता दिसतो, आणि बँकेचे नाव लिहिलेल्या दुव्याखाली भलताच पत्ता असेल तर तो तेथेच उघडा पडतो.

पुसणे, दाबून बसवणे आणि प्रत ठेवणे

थंडरबर्ड नेहमीच्या मांडणीत प्रत्येक फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकामागून एक लिहून ठेवतो. आपण एखादा मेल पुसतो, तेव्हा तो या फाइलमधून लगेच कापला जात नाही. तो पुसलेला आहे अशी नुसती नोंद होते आणि त्याची जागा तशीच अडून राहते. त्यामुळे शंभर मोठे मेल पुसूनही डिस्कवरची जागा वाढलेली दिसत नाही. फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून 'कॉम्पॅक्ट' निवडले, की ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि मोकळ्या जागा निघून जातात. काही काळाने थंडरबर्ड स्वतःही याची आठवण करतो. हे काम चालू असताना प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करू नये आणि लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली असेल तर ते सुरूच करू नये.

आयमॅप म्हणजे सुरक्षित प्रत, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. सर्व्हर आणि संगणक एकमेकांचे प्रतिबिंब असतात, त्यामुळे सर्व्हरवर पुसलेला मेल संगणकावरूनही जातो, मग तो आपण चुकून पुसलेला असो की आपल्या खात्यात शिरलेल्या दुसऱ्या कोणी. महत्त्वाचे मेल 'लोकल फोल्डर्स' या विभागात नक्कल करून ठेवले, तर ते सर्व्हरपासून स्वतंत्र होतात. मेल नुसता ओढून नेल्यास तो सर्व्हरवरून हलतो, म्हणून उजव्या बटणाच्या मेनूतील 'कॉपी टू' वापरावे.

संपूर्ण प्रत घेण्यासाठी 'टूल्स' मेनूमध्ये 'एक्स्पोर्ट' आहे. तो खाती, मेल, पत्ते, फिल्टर आणि सेटिंग्ज एका झिप फाइलमध्ये बांधून देतो. परंतु हा सगळा ऐवज २ जीबीहून मोठा असेल तर ही सोय चालत नाही. तेव्हा 'हेल्प' मेनूमधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' हे पान उघडावे, तेथे 'प्रोफाइल फोल्डर'च्या (म्हणजे थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग्ज ज्यात ठेवतो त्या फोल्डरच्या) पुढचे बटण दाबून तो कुठे आहे हे पाहून घ्यावे, थंडरबर्ड पूर्णपणे बंद करावा आणि मग तो सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. प्रोग्रॅम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. या फोल्डरमध्ये साठवलेले पासवर्डही असतात, म्हणून ती डिस्क कोणाच्याही हाती पडेल अशी ठेवू नये, आणि सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' विभागात 'प्रायमरी पासवर्ड' लावून ठेवावा.

घेतलेली प्रत उघडते का, हे एकदा तरी करून पाहावे. त्याच 'ट्रबलशूटिंग' पानावरून प्रोफाइलांची यादी उघडते. तेथे नवीन प्रोफाइल तयार करून त्याच्यासाठी फोल्डर म्हणून बाहेरच्या डिस्कवरील प्रतीची आणखी एक नक्कल निवडावी, संगणकाचे इंटरनेट तेवढ्यापुरते बंद करावे आणि ते प्रोफाइल सुरू करावे. डावीकडे आपली खाती दिसली आणि सर्वांत जुन्या वर्षाच्या अर्काइव्हमधील एखादा मेल अटॅचमेंटसह उघडला, की ती प्रत कामाची आहे.